कॉम्प्रेशन धरत नाही, म्हणून लेथ बदलायचा का?

पत्राचा सारांश: लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहणारे, पन्नाशीला टेकलेले एक वाचक लिहितात की, त्यांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पण नोकरी आयुष्यभर बँकेत केली. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे, राजकोटला तयार झालेले लिस्टर नमुन्याचे डिझेल इंजिन बसवले होते. ते आता गोठ्याशेजारी गंजत पडले आहे. त्याची सहाव्या हिश्श्याची चालती प्रतिकृती, अगदी इंजेक्टरसकट आणि सगळी स्वतःच्या हाताने करायची, असे ठरवून त्यांनी धातू खरादण्याचा जुना साडेचार फुटी लेथ घेतला, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला आणि दोन वर्षे आराखडे काढले. आता सगळे भाग जुळले आहेत, पण इंजिन कॉम्प्रेशन धरत नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेली हवा गळून जाते. सिलिंडर तीनदा नव्याने केला, तरी फरक पडला नाही. लेथच झिजलेला आहे, अशी त्यांची खात्री झाली आहे. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून नवा लेथ घ्यावा, वाळूजला एखाद्या सीएनसीवाल्याकडून (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) सिलिंडर-पिस्टन करून घ्यावे, परदेशातून ओतीव भागांचा तयार संच मागवावा, की हा नाद सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे. बाहेरून भाग करून घेतले तर इंजिन ‘माझे’ कसे म्हणायचे, हीही बोच आहे. घरातून विरोध नाही, पण “कधी चालू होणार?” हा पत्नीचा प्रश्न आता त्यांना जड वाटू लागला आहे. नववीतला मुलगा मात्र रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन उभा राहतो.

नमस्कार.

तुम्ही चार पर्याय मांडले आहेत आणि चारही एकाच गृहीतकावर उभे आहेत. दोष सिलिंडरचा आहे आणि सिलिंडरचा दोष लेथमुळे आला आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. हे तपासून ठरले, की तीनदा निराशा पदरी आल्यावर तसे वाटू लागले, ते पत्रावरून कळत नाही. माझा अंदाज वेगळा आहे. तीन निरनिराळे सिलिंडर बसवूनही गळती जर तेवढीच राहिली असेल, तर तिन्ही वेळा जे भाग तेच होते त्यांच्यावर आधी संशय घ्यायला हवा. ते भाग म्हणजे हेड, त्यातल्या दोन झडपा आणि पिस्टन. त्यामुळे पैसा कुठे घालायचा हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि हवा कुठून जाते ते आधी शोधू.

सर्वांत स्वस्त शक्यता पहिल्यांदा तपासा. टॅपेटला, म्हणजे झडप उचलणाऱ्या भागाला, थंड स्थितीत सुमारे ०.१ मिलिमीटर फट आहे का? ती नसेल तर झडप सीटवर, म्हणजे ती टेकते त्या कडेवर, कधीच पूर्ण बसत नाही आणि जगातला उत्तमोत्तम सिलिंडरही कॉम्प्रेशन धरणार नाही. झडपा उघडणाऱ्या कॅमच्या गिअरची जुळणीही पाहा. क्रँकवरचा गिअर २० दातांचा असेल तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे १८ अंश, आणि इनलेट झडप तेवढी उशिरा मिटली तर आत घेतलेल्या हवेचा बराच भाग परत बाहेर ढकलला जातो.

त्यानंतर हेड उतरवा. त्याच्या जागी जाडसर सपाट लोखंडी पट्टी ठेवा, तिच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला आणि हेडच्याच स्टडवर नट आवळा. आता सिलिंडर आणि पिस्टन यांशिवाय गळतीला जागा उरली नाही. फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. पिस्टन वर येताना हवेची उशी लागली आणि सोडल्याबरोबर फ्लायव्हील मागे उसळले, तर तुमचा सिलिंडर निर्दोष आहे आणि लेथही. उशी लागली नाही, तर पिस्टनच्या कडेने पातळ तेलाचे दोन थेंब सोडून पुन्हा फिरवा. तेलाने एकदम फरक पडला तर गळती पिस्टनच्या कडेने आहे. झडपांसाठी हेड सुटेच असताना पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओता आणि झडपेच्या कडेला टिपकागद लावून पाच मिनिटे थांबा. कागद ओला झाला तर ती झडप बसत नाही. शेवटी हेड परत बसवून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना पिस्टन वरच्या टोकाला आणा, फ्लायव्हील घट्ट धरून इंजेक्टरच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा भरा आणि नीट कान द्या. इनलेटच्या तोंडाशी, सायलेन्सरच्या तोंडाशी, की क्रँककेसमध्ये, जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे दोष आहे. गॅस्केटच्या कडेला साबणाचे पाणी लावले की तिथली गळतीही बुडबुड्यांनी दिसते. एवढे सगळे एका संध्याकाळचे काम आहे आणि तिसरा सिलिंडर घेण्यापूर्वी ते झाले असते तर तुमचे बरेच बीड वाचले असते.

तपासात झडपा निघाल्या, आणि त्याच निघतील असे मला वाटते, तर त्या जास्त घासू नका. छोट्या झडपेच्या बाबतीत बहुतेकांचा हात इथेच चुकतो. पेस्ट लावून पुन्हा पुन्हा घासत राहिल्याने सीट रुंद होते, आणि रुंद सीटवर स्प्रिंगचा थोडासा दाब पसरून जातो. ४५ अंशांची सीट जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर रुंद असावी. तिचे मध्य गाइडच्या, म्हणजे झडपेची दांडी सरकते त्या भोकाशी तंतोतंत जुळावे म्हणून गाइड रीम करणे (भोक नेमक्या मापाचे करणे) आणि सीट कापणे ही दोन्ही कामे चकमधला भाग न सोडता एकाच सेटिंगमध्ये करावीत. झडपेची दांडी आणि तिचा ४५ अंशांचा तोंडाकडचा भागही असाच एका सेटिंगमध्ये खरादावा. मग बारीक पेस्टने बोटांत फिरवून हलका हात दिला की पुरते. सरळ हेडमध्येच सीट कापण्याऐवजी गनमेटलची छोटी बुशी (पोकळ नळी) करून तिच्यातच गाइड आणि सीट घेतली, तर बिघडलेली झडप बदलायला अख्खे हेड टाकावे लागत नाही.

पिस्टनकडे गळती निघाली तर थोडे खोलात जावे लागेल. तुम्ही स्कूटरचा जुना पिस्टन वितळवून ॲल्युमिनियमचा पिस्टन केला आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगते. १९ मिलिमीटरच्या बोअरमध्ये तापमान १५० अंशांनी वाढले, तर पिस्टन ०.०६५ मिलिमीटरच्या आसपास वाढतो आणि बिडाचा सिलिंडर त्याच्या निम्म्यानेच. ही तफावत गृहीत धरून फट ठेवावीच लागते आणि मग सगळी भिस्त पिस्टनभोवतीच्या रिंगांवर येते. रिंगा तुम्ही स्वतः केल्या आहेत. पिस्टन बाहेर काढून एकेक रिंग नुसत्या सिलिंडरमध्ये सरळ बसवा, मागून बॅटरीचा उजेड पाडा आणि दुसऱ्या टोकाने पाहा. रिंगेच्या दोन टोकांमधली फट सोडून इतरत्र कुठेही उजेडाची चंद्रकोर दिसली, तर ती रिंग गोल नाही आणि कितीही तेल घातले तरी ती हवा अडवणार नाही.

दुसरा मार्ग रिंगांचा नादच सोडण्याचा आहे. पहिल्या इंजिनासाठी मला तोच योग्य वाटतो. सिलिंडर बिडाचा आणि पिस्टनही बिडाचा असला, की दोघे तापल्यावर सारखेच फुगतात आणि फट बरीचशी तीच राहते. अशा इंजिनात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंतच, म्हणजे ०.००५ ते ०.०१ मिलिमीटर फट ठेवता येते. एवढा आग्रह का, तर इतक्या चिंचोळ्या फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. मायक्रोमीटरवर नगण्य दिसणाऱ्या फरकाने इंजिन चालते किंवा चालत नाही, याचे कारण हेच आहे. म्हणून इथे आराखड्यातला आकडा कामाचा नसतो. आधी सिलिंडर पूर्ण करायचा, तो जसा होईल तसा, मग ०.०२ इकडे काय आणि तिकडे काय. पिस्टन त्या सिलिंडरला बसेल असा करायचा. दोन्ही स्वच्छ पुसून, कोरडे, सिलिंडर उभा धरला असता पिस्टन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकावा आणि दुसरे तोंड बोटाने दाबले की जागच्या जागी थांबावा. ही परीक्षा कोणत्याही गेजपेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते.

आता लेथ. झिजलेल्या बेडवर टेपर येतो, म्हणजे भाग एका टोकाला निमुळता होतो, हे खरे, पण तुमच्या लेथवर तो किती येतो, हे मोजले आहे का? २५ मिलिमीटर जाडीचा रॉड चकमध्ये धरून दीडशे मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा, आधार देऊ नका, दोन टोकांना दोन कडी ठेवून मधला भाग थोडा उतरवा आणि दोन्ही कड्यांवर एकाच सेटिंगमध्ये अगदी हलका कट घ्या. व्यासात ०.०२ मिलिमीटर फरक आला असे समजा. तुमचा सिलिंडर ४५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे त्यात त्याचा वाटा साधारण ०.००६ येईल. पुष्कळदा हा फरकसुद्धा झिजेचा नसतो. जुना लेथ आणून ओबडधोबड कोब्यावर बोल्टने आवळला की बेडला पीळ बसतो. टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवून पुन्हा हलका कट घेऊन पाहा. पत्रा कोणत्या कोपऱ्यात घातल्याने फरक घटतो ते दोन-तीन कटांत कळते.

उरलेला टेपर लॅपिंगने, म्हणजे पावडर लावलेल्या लॅपने घासून, काढायचा असतो आणि नव्या कोऱ्या लेथवरही ते चुकत नाही. पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा लॅप करा, त्याला उभी चीर द्या आणि टोकाशी निमुळता स्क्रू बसवा, म्हणजे तो थोडा थोडा फुगवता येतो. सुरुवातीला ४०० नंबरची पावडर तेलात कालवून लावा, नंतर ८०० ची. लेथ हळू फिरू द्या आणि सिलिंडर हातात धरून सतत पुढे-मागे नेत राहा. एका जागी थांबलात तर तिथे पोट पडेल, आणि लॅप टोकातून फार बाहेर काढलात तर तोंडे रुंद होतील. पेस्ट लावून पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत मात्र कधीही घासू नका, कारण त्यात दोघेही झिजतात आणि फट कुणाच्याच ताब्यात राहत नाही. शेवटी रॉकेलने, मग गरम पाण्याने आणि साबणाने इतके धुवा की पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटू नये. मापे सकाळी घ्या. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडर आणि नुकताच खरादलेला पिस्टन यांच्या तापमानात सहज वीस अंशांचा फरक असतो, आणि १९ मिलिमीटरच्या बिडात वीस अंश म्हणजे ०.००४ मिलिमीटर, तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्या फटीच्या जवळजवळ निम्मे. दोन्ही भाग रात्रभर शेजारी ठेवले की हा प्रश्न मिटतो.

इथपर्यंत कॉम्प्रेशनचे झाले. पण गळती बंद झाली तरी तुमचे इंजिन तुम्ही ठरवले आहे तसे चालणार नाही, असे मला वाटते, आणि हे तुम्हाला आताच सांगणे योग्य आहे. वडिलांच्या इंजिनाचे प्रत्येक माप सहाने भागले की छोटे इंजिन तयार होते, असे आराखड्यात धरले गेले आहे. मापे सहाने भागता येतात, पण हवा, उष्णता आणि डिझेल यांना तो भागाकार लागू होत नाही.

मूळ इंजिनाचा बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोक साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १,४३० घन सेंटिमीटर. तुमचे इंजिन २१६ पटींनी लहान, म्हणजे साधारण ६.६ घन सेंटिमीटर. मात्र सिलिंडरच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ ३६ पटींनीच कमी होते. कोंडलेल्या हवेच्या प्रत्येक थेंबामागे उष्णता शोषणारी भिंत सहापट झाली. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, आणि ती उष्णता पेट घेण्याआधीच भिंतीत निघून जाते. इंजेक्टरचा हिशोबही मांडून पाहा. पूर्ण भारावर चालणारे मूळ इंजिन दर स्फोटाला ढोबळमानाने एक थेंब डिझेल घेते. तुमच्या पंपाला त्या थेंबाचा दोनशेवा हिस्सा, दर वेळी तेवढाच, अतिशय मोठ्या दाबाने फवारावा लागेल. अनुभवी कारागिरांनाही हे आयुष्यभराचे काम ठरते. मॉडेल विमानांची म्हणून जी ‘डिझेल’ इंजिने प्रसिद्ध आहेत, त्यांनासुद्धा इंजेक्टर नसतो. ईथर, केरोसीन आणि एरंडेल यांचे मिश्रण साध्या नीडल व्हॉल्व्हमधून घेऊन ती चालतात, आणि ईथर घरात बाळगण्याची वस्तू नव्हे.

म्हणून माझा आग्रह असा की, बाहेरून तुमचे इंजिन हुबेहूब वडिलांच्या इंजिनासारखे राहू द्या. दोन फ्लायव्हील, उभा सिलिंडर, तोच पाया, तोच हिरवा रंग. आत मात्र पेट्रोल आणि ठिणगी घ्या. इंजेक्टरच्या जागी पाव इंच आट्यांचा मॉडेल इंजिनांचा स्पार्क प्लग बसवा, कारण मोटरसायकलचा १० मिलिमीटर आट्यांचा प्लग एवढ्याशा हेडमध्ये दोन झडपांशेजारी मावणार नाही. पेट्रोलला ६ चे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा सहापट दाबली जाणे, पुष्कळ झाले. त्यासाठी पिस्टनच्या वर सुमारे १.३ घन सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे सपाट धरली तर साडेचार मिलिमीटर उंचीची. ती एक मिलिमीटर जास्त झाली तरी रेशो ५ च्या आसपास राहतो आणि इंजिन चालते. डिझेलसाठी १६ चा रेशो हवा असता तर हीच उंची दीड मिलिमीटर झाली असती आणि झडपांच्या खाचांनीच ती खाल्ली असती.

विहिरीवरच्या इंजिनाचा तो संथ ठोका मिळेल अशी आशा तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे. मूळ इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालत असे. फ्लायव्हीलमध्ये साठणारी शक्ती वजनावर आणि कडेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. सर्व मापे सहाने भागून फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या, तर सिलिंडरच्या गरजेच्या मानाने ही शक्ती ३६ पटींनी कमी पडते. त्यामुळे छोटे इंजिन वेगाने पळवावे लागते. फ्लायव्हीलची कड आतल्या बाजूने जाड केली आणि कॉम्प्रेशन कमी ठेवले, तर वेग बराच उतरवता येईल, पण ६०० चा हट्ट धरू नका. आवाज वेगळा येईल, हे आधीच मनाशी ठरवलेले बरे.

आता तुमच्या पर्यायांविषयी. निर्वाह निधीला हात लावू नका, एवढे मी ठामपणे सांगतो. वरच्या तपासणीत लेथ दोषी ठरला तरीही नको, कारण १९ मिलिमीटरचा एक सिलिंडर हे नवा लेथ घेण्याचे कारण होऊ शकत नाही. गरज पडलीच तर जॉबवर्कचा मार्ग खुला आहे. बाहेरून भाग करून घेतल्याने इंजिन तुमचे राहत नाही, ही भावना मी समजू शकतो, पण ती मला पटत नाही. राजकोटच्या ज्या कारखान्यात वडिलांचे इंजिन तयार झाले, त्याने तरी इंजेक्टर, बेअरिंग, रिंगा स्वतः कुठे केल्या होत्या? छोटे कारखाने हे भाग त्या त्या कामात मुरलेल्यांकडून घेतात. कोणता भाग बाहेर द्यायचा, हे निवडणे हाही आराखड्याचाच भाग आहे. क्रँकचे ग्राइंडिंग आणि गिअरचे दात बाहेर द्यायला माझी हरकत नाही. सिलिंडर, पिस्टन आणि झडपा मात्र देऊ नका. मान कमी होईल म्हणून नव्हे, तर एकमेकांना जुळवत नेण्याचे हे काम ज्याच्या हातात दोन्ही भाग एकाच वेळी असतात त्यालाच जमते. वाळूजचा सीएनसीवाला तुम्हाला आराखड्याप्रमाणे अचूक १९.०० चा बोअर देईल, आणि तुमचा पिस्टन १८.९८ चा निघाला तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

परदेशी संचाविषयी माझे मत मिश्र आहे. इंग्लंडमध्ये १८९८ पासून या छंदाला वाहिलेले नियतकालिक निघू लागले आणि त्या परंपरेतून शेकडो जमलेले आराखडे उपलब्ध झाले. दुसऱ्याच्या चालून सिद्ध झालेल्या आराखड्यावर पहिले इंजिन करण्यात कमीपणा नाही. उलट न चालल्यास दोष आराखड्याचा की हाताचा, हा संभ्रम तरी उरत नाही. ओतीव भागांचा संच मात्र भाडे आणि जकात धरून महाग पडतो. त्याऐवजी नुसता आराखडा घेऊन बिडाचा रॉड आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा यांतून भाग कापावेत. रॉड शक्यतो नवा, सलग ओतलेला घ्या. भंगारातल्या बिडाला कुठे कडक गाठ लागेल ते सांगता येत नाही आणि ऐन शेवटच्या कटाला टूलचे टोक उडते. तुमचे इंजिन इतके पुढे आलेले असताना तुम्ही मागे फिरावे, असे मी सुचवणार नाही. पण जे वाचक अजून कागदावरच आहेत, त्यांनी सुरुवात चार स्ट्रोकच्या इंजिनाने करू नये. हेलकावणाऱ्या सिलिंडरचे, हवेच्या दाबावर चालणारे छोटे इंजिन, किंवा रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ साली पेटंट घेतलेले गरम हवेचे इंजिन, यांत झडपा नसतात, ठिणगी नसते, पण पिस्टन-सिलिंडर जुळवण्याची विद्या तीच असते. आणि आराखडा पूर्ण झाल्याशिवाय धातूला हात लावायचा नाही, हा नियम तुमच्यासारख्या नेटक्या माणसांना प्रिय असतो, तो थोडा सैल करावा. क्रँकचे केंद्र, गिअरमधील अंतर, स्ट्रोक हे आधी ठरलेच पाहिजे. पिस्टनचा व्यास, झडपेच्या दांडीची लांबी, गॅस्केटची जाडी हे शेजारचा भाग हातात आल्यावर ठरते.

नाद सोडावा का, या प्रश्नाला मी नाही म्हणेन, पण घरच्या प्रश्नाला नीट उत्तर देऊन. “कधी चालू होणार?” यात तुम्हाला टोचणी ऐकू येते, मला त्यात उत्सुकताही ऐकू येते. पुढच्या टप्प्यांच्या तारखा त्यांना सांगू नका, टप्पे सांगा. आधी गळती सापडेल, मग फ्लायव्हील मागे उसळेल, मग ड्रिल मशीनने फिरवून इंजिन मोकळे करायचे, मग ठिणगी. दरमहा किती खर्च करायचा हे दोघांनी मिळून ठरवा आणि तो आकडा पाळा. मुलाला नुसते उभे ठेवू नका. मायक्रोमीटर त्याच्या हाती द्या आणि प्रत्येक माप तुम्ही एकदा, त्याने एकदा घ्यावे. दोघांची मापे जुळेपर्यंत पुढचा कट घ्यायचा नाही. चष्मा लावल्याशिवाय त्याने लेथजवळ येऊ नये, आणि लोंबत्या बाह्यांचा शर्ट तर मुळीच नको.

पहिल्यांदा पेट्रोल घालाल तेव्हा इंजिन शेडबाहेर, उघड्यावर, पाटावर घट्ट आवळून ठेवा. टाकी दहा-पंधरा मिलिलिटरची पुरे आणि पेट्रोलचा डबा निदान दहा पावले दूर ठेवा. ठिणगी तोडणारा स्विच मुलाच्या हातात द्या, आणि त्याला फ्लायव्हीलच्या रेषेत न ठेवता बाजूला उभा करा.